लेकरू होईस्तोवर

८ फेब्रु., रविवार
विहारात वंदनेनंतर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर बोललो. पेशी एकमेकींना सूक्ष्म पिशव्या पाठवत असतात. त्यांतच जनुक दुरुस्त करणारं औषध भरून शरीरात सोडायचं, असं संशोधन चालू आहे. ‘चालू आहे’ हे दोनदा म्हणालो. तरी टाळ्या. त्या आवडल्या, हेही लिहितो.

१२ फेब्रु.
ताईकडे. भाचीनं, प्रणालीनं, स्वतःच लग्न जमवलंय. मुलगा राजूरचा, सुमेध. आपल्याकडे पोह्यांआधी सिकलचा रिपोर्ट. दोघंही वाहक निघाले; त्यांना त्रास नाही, पण लेकराला आजार होऊ शकतो. ताई नको म्हणते. तिच्या थोरल्या मुलाला, सागरला, या आजारानं तळमळताना तिनंच पाहिलंय. प्रणाली माझ्याकडे वळली, “मामा, तुमीच तं सांगतलं, इलाज येऊन राह्यला म्हणून. आमाले लेकरू होईस्तोवर येईन ना?”
“बघू,” म्हणालो. जीवशास्त्र शिकवतो, आणि ‘बघू’!

१३ फेब्रु.
कॉलेजनंतर वाचत बसलो. बरंचसं उंदरांवर. टोचलेल्या पिशव्या पुष्कळशा यकृतातच अडकतात, हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचवणं अवघड. किती वर्षं लागतील? कोणी छातीठोक सांगत नाही. मग मी विहारात कशाच्या जोरावर...

१५ फेब्रु.
सागरचे सांधे पुन्हा दुखून उठले. दवाखाना, सलाईन. मी उशाशी. त्यानं प्रणालीच्या लग्नाचं विचारलं.
“माह्यासारखं लेकरू होऊ नये म्हणून थांबवून राह्यले ना सारे? म्हंजे मी न झालेलाच बरा व्हतो काय, मामा?”
मी चष्मा काढून डोळे पुसले. तोच हसला. “आता रडू नका बाप्पा. पानी द्या.”

१७ फेब्रु.
प्रणाली-सुमेधला घरी बोलावलं. स्पष्ट सांगितलं: औषध येईलही, पण त्याच्या भरवशावर लग्न करू नका. दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता. गर्भाची तपासणी होते. पुढचं तुम्हालाच ठरवावं लागेल.
सुमेध म्हणाला, “औषध आलं तरच लगन, असं कुठी म्हटलं आमी?”
प्रणालीनं विचारलं, “आईले हेच सांगसान? जसंच्या तसं?”
हो म्हणालो.

१८ फेब्रु.
ताईला फोनवर सगळं सांगितलं. काही न लपवता, काही न वाढवता. तिनं ऐकून घेतलं.
“थे समजलं. तुही सोताची पोरगी असती तं काय केलं असतं तू?”
तेवढ्यात रेंज गेली. हायसं वाटलं, याचीच लाज वाटते.
आता रेंज आहे. फोन समोर पडलाय.