बारा तलंगांची अदलाबदल

८ जानेवारी
माझी बसायची सावली गेली! हरिओमनं शेडात मधोमध जाळी ठोकली. आईला इचारतो कोण?
एका बाजूला तीस तलंगा, दुसऱ्या बाजूला सत्तर. कोवळ्या कोंबड्या, नुकत्याच अंड्यावर येऊन राह्यल्या. जागा दोन्हीकडं सारखी, दाणा डोक्यागणिक सारखा. दाटीनं रक्त कमी होतं का, ते डॉक्टर ज्योत्स्नाबाई बघणार. महिन्यानं पंखाखालून रक्त काढणार.
बाई म्हणल्या, "आजी, इकडं तीस, तिकडं सत्तर. आकडा हलू द्यायचा न्हाई."
हरिओम म्हणला, "दाटीनं काही होत नसंल, तर नव्या शेडात पाचशेच्या जागी हजार भरतो."

१९ जानेवारी
सत्तरवाल्या एकमेकींच्या शेपट्या उपटून राह्यल्या.

२ फेब्रुवारी
सत्तरमधल्या बाराजणींचे तुरे चुन्यागत पांढरे. दाण्यापर्यंत पोचतच न्हाईत. मला कीवबीव येत न्हाई. पण मेलेली खड्ड्यात पुरायची कोणी? मीच. सूनबाईला वास सोसत न्हाई — रस्सा सोसतो!
मंग बाराही उचलल्या, तीसकडं सोडल्या. तिकडच्या धडधाकट बारा इकडं आणल्या. दोनदा मोजलं. तीस. सत्तर. बराबर.

५ फेब्रुवारी
बाई आल्या. दोन्हीकडच्या दहा-दहा धरायच्या होत्या. तीसकडं मोकळी जागा — चांगल्या उडाल्या, माझ्या मरतुकड्याच हरिओमच्या हाताला लागल्या.
"आजी, आकडा?"
"बराबर."
खोटं न्हाई बोलले.

११ फेब्रुवारी
कागद आला. मोकळ्या बाजूचं रक्त कमी, दाटीतलं चांगलं! फोनवर बाई म्हणल्या, असं कधी पाह्यलं न्हाई, पण आलंय ते आलंय. परतूरच्या बैठकीत सगळ्या कोंबडीवाल्यांपुढं वाचणार.
हरिओम फुगला. "बघ माय, दाटीत ऊब असती." हजार तलंगांची गाडी सोमवारी.
तव्यावरची भाकर करपली. माझ्या हातची, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ फेब्रुवारी
हरिओमला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मंग म्हणला, "गाडी ठरली, माय. बाईला बोलू नको."
बाईला मिसकॉल दिला. आता फोन वाजला तर हरिओमनं हात लावायचा न्हाई. सूनबाईनं बी न्हाई. मी उचलीन.