दोघांची नावं

६ ऑक्टोबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका, घरात सगळं धडधाकट आहे. फोन तुमच्या भावाच्या खुर्चीला लागून आहे आणि तुमचे भाऊ दिवसभर खुर्चीत असतात, एवढंच कारण. जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे.

आज सकाळी कामावर गेले तर मुकादमबाईंनी सगळ्या धुलाईखान्यासमोर माझं अभिनंदन केलं. मला वाटलं, निवृत्तीचे कागद आले. तर म्हणाल्या, नशीबवान आहात, नवऱ्याबरोबर पायी देवाला निघालात. मी विचारलं, कोण निघालंय? त्यांनी सांगितलं की यात्रा मंडळाच्या फळ्यावर नावं लागली आहेत, दोघांची, जानेवारीतल्या यात्रेसाठी. हातातली चादर इस्तरीच्या रुळात तिरकी गेली आणि पार चुरगळून बाहेर आली. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

तीन आठवड्यांची वाट आहे, ताई. उजाडायच्या आत उठायचं, दिवस मावळेपर्यंत चालायचं आणि कुठल्यातरी शाळेच्या फरशीवर अंग टाकायचं. हे ठरलं, आणि मला ते मुकादमबाईंकडून कळलं. साधी भाजी आणायची तर दारातून तीनदा विचारतात, कुठली आणू.

माझे पाय तुम्ही बघितले आहेत. इस्पितळाच्या चादरींना इस्तरी करत उभं राहून पोटऱ्यांवर शिरांची जाळी झाली आहेत. क्रेप बँडेज बांधल्याशिवाय जिना उतरत नाही. मार्चमध्ये सुटले की मी बसणार आहे, हे मी घरात जाहीर करून ठेवलं होतं. गॅलरीत बसणार, पाय गरम पाण्याच्या टबात, आणि कुणी हाक मारली तरी उठणार नाही. यांचं उलट. जन्मभर बसची सीट झिजवली, आता त्यांना चालायची हौस आली. वर जोड्या लावतात म्हणे, तेव्हा कोण बसलं होतं टेबलावर कोण जाणे.

आणि हाच तो माणूस, जो याच रस्त्यावर गाडी नेताना पायी जाणाऱ्यांना लाखोली वाहायचा. रस्ता अडवतात, हॉर्नला दाद देत नाहीत, देव काय पळून जातोय का, हे सगळं मी घरी जेवताना ऐकलंय.

संध्याकाळी विचारलं, नाव कशाला दिलंत? म्हणाले, जागा भरतात लवकर. मला का विचारलं नाहीत? तर म्हणाले, तू नाही म्हणाली असतीस. आता याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा. लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली आणि चांगले बूट घे म्हणाली. या घरात शहाणं माणूस म्हणून तुम्हीच उरलात, म्हणून तुम्हाला त्रास.

तुमच्या गुडघ्यांची खबर कळवा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी

---

१४ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र टाइप केलंय त्याला हसू नकोस. रागात असले की माझं अक्षर मलाच लागत नाही. शिवाय माझ्या टायपिंग क्लासच्या पोरींना परीक्षेपूर्वी बघू दे की म्हातारी अजून खाली न बघता लिहिते.

तुझा नवरा म्हणजे आमचा लहानपणापासूनचा भोंगा, तो सुधारायचा नाही. शाळेच्या संमेलनात त्याला नाटकात भाग घ्यायचा होता, पण एकट्याने नाव द्यायला पाय उचलेना. म्हणून गाण्याच्या यादीत माझं नाव देऊन आला, सोबत म्हणून. मला गाणं येत नाही हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. दोन ओळी म्हटल्या आणि स्टेजवर भोकाड पसरलं. हा खाली बसून टाळ्या वाजवत होता, मनापासून. नंतर मला म्हणाला, छान झालं. माणूस वाईट नाही गं, पण दुसऱ्याला गृहीत धरायची खोड जन्मजात आहे.

तू एक कर. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. त्याला वाद घालायला आवडतं, सिग्नलला उभं राहिल्यासारखं तो निवांत ऐकत राहतो आणि मग पुढे जातो. सरळ मंडळाच्या कचेरीत जा आणि तुझं नाव काढून ये. घरी येऊन सांग. त्याला जायचं तर जाऊ दे एकटा. मीही त्याला आज दोन शब्द लिहिलेत, ते कडक आहेत.

गुडघे आहेत तसे आहेत. तू पायांना जप. लोभ आहेच, तो वाढवण्याइतकी जागा आता उरली नाही.

तुझी,
ताई

---

२५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. नोकरीत मी फक्त गाडीच्या तक्रारवहीत लिहायचो, ब्रेक सैल, डावा आरसा तडकला वगैरे. तरी तू सरळ विचारलंस की हे खूळ कुठून आलं, म्हणून लिहितो.

खूळ नाही. शेवटच्या वर्षी असाच जानेवारीत गाडी घेऊन चाललो होतो. देवस्थानाच्या अलीकडे एक लांब चढ आहे, तिथे पायी जाणारे नेहमी रस्ताभर पसरतात. पुढे एक म्हातारा-म्हातारी चालले होते. त्यांच्या मध्ये धुतलेली चादर होती. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या हातात, मध्ये वारं भरलेलं. चालता चालता वाळवत होते. बोलत नव्हते. त्याने टोक जरा वर धरलं की ती पण वर धरायची. मी हॉर्नवर हात ठेवला होता, तो काढला. मागून गाड्या बोंबलायला लागल्या, कंडक्टर विचारायला लागला काय झालं. मी चढ संपेपर्यंत त्यांच्या मागे राहिलो.

ताई, मी पहाटेची गाडी घ्यायचो तेव्हा ही झोपलेली असायची. मी यायचो तेव्हा परत झोपलेली असायची. सुट्टीच्या दिवशी तिची पाळी. आता मी घरी आहे. ती कामावरून येते आणि आम्ही दोन खोल्यांत एकमेकांना वाट देत फिरतो. मी बोलायला जातो तर ती विचारते, काय हवंय. मला काही नको असतं. मग मी पाणी मागतो.

तिने नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. नाव दिलं तर निदान भांडण तरी चालू राहील असं वाटलं. हे चुकलं असेल.

चादरीचं तिला सांगू नकोस. ती दिवसाला शेकड्यांनी चादरी हाताळते, ती हसेल.

कळावे, मोठीने मन मोठं ठेवावं.

तुझा,
भोंगा

---

८ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला ऐकला आणि आता बसलेय डोकं धरून.

आधी बुटांचं ऐका. मागच्या आठवड्यात हे माझ्यासाठी चालायचे बूट घेऊन आले. खोका उघडला, तर आत माझे दोन्ही पाय एकाच बुटात मावतील. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माणसाला बायकोच्या पायाचं माप ठाऊक नाही. मी तसं म्हटलं. तर म्हणाले, चालून पाय सुजतात, दुकानदाराने सांगितलं. सुजून सुजून किती सुजतील?

मग सराव. रविवारी मला नदीच्या पुलापर्यंत नेलं. घरातून निघताना घड्याळ बघितलं आणि पुढे सुटले, ते अशा वेगाने की जणू गाडीला उशीर झालाय. मी हाका मारत होते, पण इंजिनाच्या आवाजात राहून कान गेलेत की काय. मी एका पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसले. त्याने बिचाऱ्याने पाणी दिलं. रिक्षा करून घरी आले आणि बँडेज सोडून पाय वर करून पडले. हे दोन तासांनी आले, घामाघूम, आणि माझ्यावरच चिडले की तू होतीस कुठे. पुलावर पोचल्यावर यांना कळलं म्हणे की मी मागे नाही.

दुसऱ्याच दिवशी कामावरून सुटून मंडळाच्या कचेरीत गेले आणि नाव काढलं. कारकुनाने कुरकुर केली, पण खोडलं. घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील. काही नाही. बरं म्हणाले. परत सांगते, बरं म्हणाले. आणि गॅस शेगडी पुसायला घेतली.

तीन दिवसांनी कळलं की त्यांनीही जाऊन स्वतःचं नाव काढलं. तेही मला मुकादमबाईंनीच सांगितलं. या घरात बातम्या आता धुलाईखान्यातूनच येतात. मी म्हटलं, तुम्ही जा ना, तुम्हाला कुणी अडवलंय? तर म्हणाले, एकट्याने जाऊन काय करू.

तेव्हापासून घर चकाचक आहे. शेगडी पुसतात, खिडक्या पुसतात, काल माझ्या चपला पुसून ठेवल्या. भांडत नाहीत, काही मागत नाहीत, पाणीसुद्धा उठून स्वतः घेतात. मला हेच हवं होतं ना? मग माझ्या जिवाला एवढा घोर का लागलाय? खरं सांगते, चिडचिड बरी होती. असला गरीब चेहरा करून फिरणारा नवरा म्हणजे शिक्षा आहे. जिंकले मी, आणि गुन्हेगारही मीच.

तुमचंही काही चुकलं नाही. पण आता पुढचा सल्ला विचार करून द्या.

आशीर्वाद मागायला हक्काने हात पुढे केलाय.

तुमची,
धाकटी

---

१५ नोव्हेंबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

तू मला चादरीचं लिहिलंस ते वाचून मी चष्मा पुसला, हे आधी कबूल करते. आता बाकीचं ऐक.

मला सांगून काय उपयोग? तुझ्याबरोबर तीन आठवडे मी चालणार आहे का? मी तिला नाव काढायचा सल्ला दिला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर तू माझ्या तोंडाला कुलूप लावलंस. तिकडून ती लिहिते, इकडून तू लिहितोस, आणि तुम्ही दोघं राहता एका छपराखाली. मी टपाल खातं उघडलेलं नाही.

नाव काढून घेणं हा मोठेपणा नव्हे. तोही तू तिला न विचारताच केलास. देताना विचारलं नाहीस, काढताना विचारलं नाहीस. तिच्या रागाचं कारण चालणं आहे असं तुला वाटतंय तोवर तू आयुष्यभर खिडक्या पुसत बस.

तिला सांग. घरात नको, घरात तुला ती खुर्ची दिसते. बाहेर कुठेतरी गाठ तिला. हसली तर हसली. हसण्याने अजून कुणी मेलेलं नाही.

हे पत्र तिला दाखवायचं नाही आणि उत्तर मला पाठवायचं नाही. उत्तर तिला दे.

माझा जीव अजूनही तुझ्यात आहे, तो वैतागलेला असला तरी.

ताई

---

४ डिसेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पाठवायला उशीर झाला, कारण काय लिहावं हेच ठरत नव्हतं.

गेल्या मंगळवारी पाळी सुटली आणि इस्पितळाच्या फाटकाशी गर्दी दिसली. पहारेकऱ्याने एका माणसाला अडवून ठेवलं होतं आणि तो माणूस सांगत होता की माझी बायको आत काम करते. कुठल्या विभागात, तर ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. कपडे, कपडे, म्हणत होता. हे होते, ताई. तीस वर्षांत पहिल्यांदा तिथे आले. बायकांनी मागून मला कोपरखळ्या मारल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं, काय झालं, कोण आजारी आहे? तर काही नाही, म्हणाले, बसने नको, चालत जाऊ, हळू.

मी म्हटलं, पाय दुखतायत. तर म्हणाले, मग थांबत थांबत जाऊ. आणि खरंच थांबले. माझ्या बाजूने चालले, रस्त्याच्या बाजूला स्वतः.

मग सांगायला लागले. ताई, या माणसाला गोष्ट सांगता येत नाही. चढ किती लांब आहे, तिथे दुसऱ्या गिअरवर का यावं लागतं, मागच्या ट्रकवाल्याने काय शिव्या दिल्या, इथून सुरुवात. मला कळेना हे फाटकाशी येऊन मला घाट का शिकवतायत. वैतागून मी गप्प बसा म्हणणार होते. तेवढ्यात, यांनी तुम्हाला आधीच लिहिलं होतं म्हणे, ते म्हातारा-म्हातारी आले, आणि ती चादर.

मी हसले नाही. पण मला जे सुचलं ते मी बोलून गेले. म्हटलं, "त्यांच्या चादरीवर तुमच्या गाडीची धूळ बसली असेल."

तर हे म्हणाले, "म्हणून तर हळू घेतली."

आम्ही औषधाच्या दुकानासमोर होतो. तिथेच मी थांबले. पाय दुखत नव्हते, तरी थांबले. मग यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि विचारलं, "तुला यायचंय का?"

मी म्हटलं, "नाही."

खरं तेच सांगितलं. मला चालायचं नाही, ताई, मला बसायचंय. यांनी मान हलवली. चेहरा पडला नाही, शेगडी पुसताना व्हायचा तसा झाला नाही. बरं, म्हणाले, आणि माझी पिशवी घेऊन परत माझ्या चालीने चालायला लागले. वाटेत पुढचं सगळं मीच बोलले. चादर वाळवताना कडा ताणून धरली नाही तर सुरकुती बसते, हे सांगितलं. आमच्याकडे नवीन रूळ आलाय तो कसा चावतो, ते सांगितलं. हे विचारत होते, रूळ किती गरम होतो, हात भाजतो का. माझ्या मनगटावरचा डाग त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. तो जुना आहे.

जिना चढून दाराशी आलो तेव्हा मी म्हटलं, पहिले चार दिवस येईन. माझ्या मापाचे बूट, मी स्वतः घेणार. पुढे चालायचं नाही, घड्याळ घरी ठेवायचं. चार दिवसांनी पाय हो म्हणाले तर पाचवा दिवस. नाही म्हणाले तर तिथून पुढे बस, दोघांनी, एका सीटवर. मी यांच्या बसमध्ये कितीदा बसले असेन, पण यांच्या शेजारी कधी बसले नाही. ते पुढे जाळीपलीकडे आणि मी मागे पिशव्यांत.

हे बराच वेळ दाराची किल्ली शोधत होते. किल्ली हातातच होती.

काल मंडळात जाऊन नावं परत दिली, दोघांनी मिळून. कारकून म्हणाला, आता खोडायला कागदावर जागा नाही, पक्कं ठरवून सांगा. यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा. डॉक्टरांनाही पाय दाखवलेत. त्यांनी लांब मोजे दिले आणि दर तासाला टेकायला सांगितलंय, ते यांनी मान डोलावत ऐकलं.

तरी लगेच सुधारले असं समजू नका. आज सकाळपासून नकाशा काढून बसलेत आणि चार दिवसांनी बस नेमकी कुठून पकडायची यावर माझं डोकं खातायत. मघाशी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की बसमध्ये खिडकीची जागा कुणाची. मी म्हटलं, तीस वर्षं पुढची सगळी काच तुमची होती, खिडकी माझी.

आम्ही नसताना लेकीला तुमच्याकडे फोन करायला सांगितलंय. तब्येत सांभाळा, आणि आम्हा दोघांवर सारखीच माया असू द्या.

तुमची,
धाकटी