गोणीचे अडतीस गुण

३ मार्च, सोमवार

माणूस पारखायचा कशावर? मला उत्तर येत नाही. हे फक्त इथे कबूल करते, बाहेर करायची सोय नाही. कारण त्याच कामासाठी आज मी चार पानांचा फॉर्म बनवून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलाय.

आमच्या निवाऱ्यात सध्या एकेचाळीस कुत्री आणि तेवीस मांजरं आहेत. मागच्या वर्षी जो मागेल त्याला प्राणी दिला. त्यातले अकरा परत आले, आणि एक कुत्रा तर दोन दिवस पुलाच्या कठड्याला बांधलेला सापडला. ते मी विसरू शकत नाही. म्हणून हा फॉर्म. जागा, घरातली माणसं, वय, दिवसा घरी कोण असतं, आधी काही पाळलंय का — एकूण शंभर गुण. साठच्या वर असतील तर प्राणी लगेच घरी न्यायचा. साठच्या खाली असतील तर अर्ज समितीपुढे, महिन्याच्या पहिल्या रविवारी.

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचलं. "चांगलं केलंस. आता तरी कुणी बांधून पळणार नाही." आणि सही केली.

पिंजरे धुणारे काका इथे एकोणीस वर्षं आहेत. ते म्हणाले, "मी एवढंच बघतो. माणूस पिंजऱ्यासमोर उकिडवा बसतो, का उभ्याउभ्याच बघतो."

म्हटलं, "काका, हे कागदावर कसं मांडणार?"

"नका मांडू. मी कुठे कागद मागितला?"

८ मार्च, शनिवार

मुनीम नव्या घरी गेला! आमचा एका डोळ्याचा, गंभीर चेहऱ्याचा बोका. मोठं घर, दिवसभर घरात माणसं, खिडक्यांना जाळ्या. एक्क्याण्णव गुण. मी स्वतः घर पाहून आले. फॉर्मचा पहिला मुलगा पहिल्या वर्गात पास झाला, असं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

आज एक निवृत्त शिंपी आले. डोळे साथ देईनात म्हणून दोन वर्षांपूर्वी शिवणकाम थांबवलं म्हणे. आल्या आल्या विचारलं, "सगळ्यात म्हातारं कोण आहे तुमच्यात?"

काका म्हणाले, "माणसांत म्हणता, तर मीच." मग त्यांना गोणीकडे घेऊन गेले.

गोणी म्हणजे आमची बारा वर्षांची कुत्री. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी गोणीत घालून फाटकाशी ठेवली होती, म्हणून काकांनी ठेवलेलं नाव. ऐकू जवळजवळ येत नाही. लोक तिच्या पिंजऱ्यावरून पुढे पिल्लांकडे जातात.

त्या शिंपी आजोबांचे गुडघे वाकत नाहीत. काकांनी बादली उपडी घालून दिली, तिच्यावर बसले. अर्धा तास. गोणी उठून आली आणि जाळीखालून नाक काढून त्यांच्या चपलेवर ठेवून झोपली.

मग फॉर्म. वय चौऱ्याहत्तर — शून्य. एकटे राहतात — दोन. एकच खोली, तीही पूर्वीचं दुकान — चार. बाकीचे धरून अडतीस.

मी सांगितलं, समिती सहा एप्रिलला बसेल. त्यांनी पोच घेतली, कडेला कड जुळवून घडी घातली. म्हणाले, "मॅडम, पन्नास वर्षं मापं घेतली. स्वतःचं माप आज पहिल्यांदा दिलं. कमीच भरलं."

चिडून नाही म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोमवार

मुनीम परत आला. नऊ दिवसांत.

त्याला नेलेल्या बाईंनी टोपली टेबलावर ठेवली. "सोफा नवा आहे हो आमचा. तुम्ही आधी सांगायला हवं होतं, हा नखं काढतो म्हणून." मी काय सांगणार होते? मांजर आहे ते. जाताना विचारलं, परत केल्याची पावती मिळेल का.

मुनीम भिंतीकडे तोंड करून बसलाय. एक्क्याण्णव गुण.

१९ मार्च, बुधवार

आजोबा पुन्हा आले. काही मागत नाहीत, विचारत नाहीत. बसतात, गोणीशी बोलतात, जातात. तिला ऐकू येत नाही हे मी सांगितलं. "माहीत आहे," म्हणाले. "मी तरी कुठे महत्त्वाचं बोलतोय?"

फाइल काढून पाहिली. साठच्या खाली आतापर्यंत सतरा जण. साठच्या वर दोन, त्यातला एक मुनीमवाला. जागा उरली नाही म्हणून काकांनी आज दोन पिल्लं फाटकावरूनच परत पाठवली. मी खिडकीतून पाहत होते.

२२ मार्च, शनिवार

सुट्टी. सकाळी शेजारच्या मावशी अर्ज भरून घ्यायला आल्या. आमच्या गल्लीत कुणाचाही अर्ज असो, पेन माझ्या हातात. नववीत असल्यापासून. बाबांचा बस चालवण्याच्या कायम नोकरीचा अर्ज एका कागदापायी तीनदा परत आला होता. तिसऱ्या वेळी काचेपलीकडचा माणूस मान वर न करता "पुढचा" म्हणाला होता. ते बाबा अजून हुबेहूब करून दाखवतात आणि आम्ही हसतो.

मावशी गेल्यावर बाबांनी विचारलं, "तुझा तो फॉर्म कसा आहे ग? आपल्याला देतील का कुत्रं?"

गंमत म्हणून भरायला घेतला. बाबा मुलाखतीला बसल्यासारखे ताठ बसले. दोन खोल्या, पाच माणसं. दिवसा घरी कुणी नाही, आईही चार घरची कामं करते. आधी काही पाळलंय का? आई आतून म्हणाली, "तुझ्या दादाला पाळलंय अजून. तो लिही."

बेरीज छत्तीस.

बाबांनी कागद हातात घेऊन बेरीज पुन्हा केली. मग म्हणाले, "म्हणजे कुत्रं नाही मिळणार. मुलगी कशी दिली कुणास ठाऊक."

सगळे हसले. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

आई भांडी लावता लावता एवढंच म्हणाली, "काचेच्या पलीकडे बसायला लागली पोरगी. बसू दे. पण मान वर करून बघत जा."

२४ मार्च, सोमवार

गोणी दोन दिवस जेवली नाही. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं निकामी होत आलीत. "दोन महिने. औषधांनी त्रास कमी होईल, आयुष्य वाढणार नाही."

आजोबांना मी सांगितलं. आता ते येणार नाहीत असं वाटलं होतं. दोन महिन्यांसाठी कोण जीव लावून घेईल?

ते बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "मी म्हातारं का मागितलं माहीत आहे का, पोरी? माझ्यामागे कुणी दाराकडे बघत बसू नये म्हणून. आमच्या हिचं असंच झालं. ती गेल्यावर तिची मांजर महिनाभर उंबऱ्यावर बसून होती. मी समोर बसलेला, पण मी ती नव्हतो ना." गोणीकडे बोट करून म्हणाले, "सहा तारखेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. तिची आहे."

आज मॅडम म्हणाले नाहीत.

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंना विचारलं, समिती आधी बसवता येईल का. दोन सभासद बाहेरगावी आहेत. "मग गोणीपुरता नियम बाजूला ठेवू या?" मी म्हटलं.

त्यांनी हातातलं इंजेक्शन पूर्ण दिलं, मग बोलल्या. "नियम तू केलास, मी सही केली. गोणीला सवलत दिली तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणशील? तुझं हे पहिलंच काम आहे. लोक उद्या म्हणतील, रडणाऱ्याचं काम होतं इथे."

 त्यांचं खोटं नाही. तो पुलावरचा कुत्रा त्यांनीच सोडवून आणला होता.

दुपारी त्या लसीकरणासाठी बाहेरगावी गेल्या. सोमवारी येतील. किल्ल्या माझ्याकडे.

२६ मार्च, बुधवार

आजोबांची खोली पाहून आले. कुणी सांगितलं नव्हतं, काम संपल्यावर गेले. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांची गादी शिवलीय, चारी बाजूंनी टाके. डोळे नाहीत तरी टाके सरळ. पाण्याचं भांडं उंचावर ठेवलंय, म्हाताऱ्या कुत्र्याला मान खाली घालायला त्रास होतो म्हणून. हे मला माहीत नव्हतं.

"गोणी दिलीच नाही तर?" मी विचारलं.

"तर मी झोपेन त्यावर. माझीही हाडं दुखतात."

फॉर्ममध्ये याला कुठला रकाना आहे? शोधला. नाही.

२७ मार्च, गुरुवार

लिहायला वेळ नाही.

३० मार्च, रविवार

गुरुवारी दुपारी गोणीला आजोबांच्या घरी पोचवलं. काकांनी उचलून रिक्षात ठेवली, औषधं मी लिहून दिली, दर दोन दिवसांनी जाऊन बघणार आहे. फॉर्मवर गुण अडतीसच आहेत, एकही वाढवला नाही. खाली लिहिलं, "समितीची वाट पाहिली नाही. निर्णय माझा," आणि सही केली. तो कागद आणि का दिली हे सांगणारं माझं पत्र डॉक्टरबाईंच्या टेबलावर आहे. त्या उद्या येतील.

साठच्या खालच्या उरलेल्या सोळाही जणांना काल फोन केले. त्यांतले नऊ आज आले, सहा जण प्राणी घेऊन गेले; त्यांच्याही फॉर्मखाली सही माझीच. गोणीचा धरून सात पिंजरे रिकामे आहेत.