चौकशीला आलेले पाहुणे

लवळे,
२२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास शारदाचा साष्टांग नमस्कार.

तू, वहिनी, ओम सगळे खुशाल असाल. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. आरोही अभ्यासात असते. संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा राहिला, वहिनीला म्हणावं राग मानू नको.

मारुंजी काही लांब नाही, फोनही आहे. पण तुझा आवाज आला की माझ्या तोंडून "बरं चाललंय" एवढंच निघतं. म्हणून लिहून शंभूच्या टेम्पोबरोबर पाठवते आहे.

आरोहीचे बाबा गेल्यावर मी मेसमध्ये भांडी घासून घर चालवलं, ते तुला माहीत आहे. दिवाळीत गुडघ्यांनी दगा दिला आणि ते काम सुटलं. मग विधवांना सरकारकडून महिन्याला मिळतात त्या पैशांसाठी अर्ज केला. तुला सांगितलं नाही. ओमच्या वाढदिवसाला पंगतीत तू म्हणाला होतास, "फुकट मिळायला लागल्यापासनं लोकं आळशी झाल्यात, लावणीला माणूस घावंना." सगळे हसले. वाढता वाढता मीही हसले.

डिसेंबरात तलाठी भाऊसाहेब घरी चौकशीला येणार असा निरोप आला. आणि दादा, मला काय बुद्धी झाली बघ. दारात माणूस येणार म्हणून घर लख्ख पुसलं, शेजारच्या धोंडाबाईंकडून कपबश्या, साखर, पोहे उसने आणले आणि तू भाऊबीजेला घेतलेली काठपदराची साडी नेसले. आईने शिकवलंच तसं, आलेला माणूस कोरड्या तोंडाने जाऊ नये. भाऊसाहेबांनी पोहे दोनदा घेतले. मग विचारलं, तुम्हाला बघतं कोण?

मी तोंड उघडायच्या आत धोंडाबाई म्हणाल्या, "तिला काय कमी हाय? मारुंजीच्या जनार्दनशेटची भन हाय ती. भावाच्या लई खोल्या हायेत भाड्यानं!"

माझी मान ताठ झाली. मेली ती मान. नाही म्हणायचं सोडून मी भाऊसाहेबांच्या कपात आणखी चहा ओतला.

माहेरचा भक्कम आधार आहे, असं लिहून अर्ज फेटाळला.

पत्राच्या सुरुवातीला आरोहीचं लिहिलं ते खोटं आहे. आरोही दिवाळीपासून शाळेत जात नाही. पहाटे उठून एका डबेवाल्या बाईकडे पोळ्या लाटते. हात भाजलेत. पुढच्या महिन्यात दहावीची परीक्षा. परवा मलाच म्हणाली, "आई, तू रडू नगंस, मला आवडतं लाटायला." तोंडात पदर कोंबून रडले रे मी. फुकटचं खाणारे असतीलही आळशी. पण लेक राबते आणि आई भिंतीला टेकून बसते, ही कोणती तऱ्हा म्हणायची?

मी पुन्हा अर्ज केलाय. पुढच्या मंगळवारी भाऊसाहेब परत येतील. तुझ्याकडे पैसे मागत नाही. तू फक्त ये, आणि वर्षाची साडी सोडली तर मी बहिणीला काही देत नाही, एवढं चार लोकांत सांग. माझ्या तोंडून माहेराविषयी ते निघत नाही. निघालं तरी धोंडाबाईंपुढे माझं कोण ऐकणार?

आणि तुझीही जीभ रेटली नाही, तर मग 'काही देत नाही' हे बोलणं खोटं ठरेल असं काहीतरी कर. दोन्हींपैकी एक कर दादा, पाया पडते. मला तिसरी वाट दिसत नाही.

या वेळी ती साडी नेसणार नाही. चहाही ठेवणार नाही. साखर नाही घरात.

सरकारी कागदावर भावाच्या भक्कम आधाराने राहणारी,
तुझी
शारदा