आम्रपालीचं वाक्य

सदाशिव पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. आम्रपालीस,
सप्रेम जय भीम.

तू आणि आई बऱ्या असाल. इथे थंडी पडू लागली आहे. खालच्या झेरॉक्सवाल्याने आता चहाही ठेवला आहे. दोन्ही सारखेच फिके. माझा स्पर्धा परीक्षांसाठीचा इंग्रजीचा क्लास चालू आहे.

तुझी निबंधाची वही माझ्याकडे राहिली होती, ती सोबत पाठवतो आहे. पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

मार्चमध्ये मी 'न विसरता येणारा दिवस' हा विषय दिला होता. तुझ्या निबंधातलं एक वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचलं: 'द डॉक्टर शाइन्ड अ टॉर्च इन माय फादर्स आइज.' 'शाइन्ड'खाली तांबडी रेघ मारून मी विचारलं, "डॉक्टरांनी डोळ्यांना पॉलिश केलं का?" चाळीस जण हसले. बूट चकाकवले तर 'शाइन्ड', बाकी सगळीकडे 'शोन', असं मी फळ्यावर लिहिलं.

तू उभी राहिलीस. "सर, डिक्शनरीत दोन्ही दिलंय."

"कुठली डिक्शनरी? तुमच्या भंडाऱ्याची?"

तू खाली बसलीस. तुझंच बरोबर होतं, हे मला नंतर कळलं.

'नंतर' लिहिलं, ते खरं नाही. मी त्याच संध्याकाळी शब्दकोश उघडला होता. एखाद्यावर उजेड टाकणे या अर्थी 'शाइन्ड'ही चालतं, असं तिथे स्पष्ट होतं. तीस वर्षं मी हे क्रियापद शिकवतो आहे.

दुसऱ्या दिवशी तू आलीस, मागच्या बाकावर बसलीस. मी 'शाइन'चे सगळे अर्थ घेतले. सूर्य, बूट, परीक्षेत चमकणारा विद्यार्थी. टॉर्च तेवढा वगळला. तू नोट्सची वही उघडून माझ्याकडे बघत होतीस, आणि तू कशाची वाट बघते आहेस हे मला कळत होतं. तास संपल्यावर मी डस्टर घेऊन फळ्याकडे वळलो. तू गेलीस ती गेलीसच.

आठवड्याने तुझ्या अभ्यासिकेत गेलो. तुझ्या शेजारी बसणारी अपेक्षा भेटली. म्हणाली, "ती गावी गेली, सर. इंग्रजीचा पेपर आपल्याला जमायचा नाही म्हणाली. फॉर्मपण भरला नाही." तिने तुझा नंबर दिला. तीनदा लावला आणि वाजायच्या आत कापला.

त्या दिवशी घरी येऊन तुझा निबंध पहिल्यांदा पुरता वाचला. वर्गात मी ते एकच वाक्य वाचलं होतं. 'वडील गेले' असं सांगून डॉक्टर निघून गेल्यावर तू स्वतः मोबाइलचा टॉर्च लावून दशरथरावांच्या डोळ्यांत उजेड टाकलास. डॉक्टरांचं बघणं चुकलं असेल, म्हणून. आणि मग आईला सांगायला बाहेर गेलीस. हे मी चाळीस जणांसमोर हसण्यावारी नेलं होतं.

गेल्या आठवड्यात वर्गात सांगितलं, की मार्चमध्ये एका मुलीने बरोबर वाक्य लिहिलं होतं आणि मी ते चूक ठरवलं. पण ही नवी बॅच आहे. तेव्हा हसलेल्यांपैकी कोणीच इथे उरलेलं नाही. एकाने विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" मी "येतं" म्हणालो आणि पुढे शिकवायला लागलो.

परत ये, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. फॉर्म पुन्हा निघतील तेव्हा भरायचा की नाही, हे तू ठरव. पण माझ्यामुळे तो राहू नये.

तांबडी रेघ खोडून पाहिली. कागद फाटायला लागला, म्हणून तशीच ठेवली आहे. तिच्याखाली काय चुकलं आणि कोणाचं, ते लिहून तारीख घातली आहे. बाकीच्या पानावर दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

ज्याने तुझा निबंध अर्धवट वाचला तो,
सुदर्शन बापट