भिंगरीची पिवळी टोपी

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी भिंगरी सुखरूप पोचली आणि आमच्या लाँड्रीत रुजूही झाली. कॉलेजातून महिनाभर काम शिकायला येणाऱ्या पोरांना इथे पिवळी टोपी देतात. टोपीवाल्यानं चादरी आत ओढून इस्त्री करणाऱ्या तापत्या रोलरजवळ फिरकायचं नाही आणि जुन्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची, अशी इथली पद्धत. तिची टोपी मात्र मी पहिल्याच दिवशी काढून ठेवली. मुकादमाची भाची आणि नवशिक्यांच्या रांगेत? लोक मला हसले असते. स्वारी खुशीत आहे.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझा,
धाकटा

९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. मॉनिटर झालास तेव्हाही घरभर असाच रुबाब करायचास. पण टोपीचं काही मला पटलं नाही. कोणी हाक मारली की भिंगरी मागचापुढचा विचार न करता धावते. नाही म्हणणं तिला जमतच नाही. तिला टोपी परत दे, हसणारे हसू देत.

एवढं ऐक, आणि ताईवर रुसू नकोस.

तुझी,
ताई

२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला धड बोलता आलं नाही. रोलरमध्ये चादर अडकली होती. दुसऱ्या पाळीच्या रोलरवाल्यानं समोर दिसलेल्या भिंगरीला हाक मारून चादर ओढायला सांगितलं, आणि चादरीबरोबर तिचा हात आत गेला. डोक्यावर टोपी नव्हती, त्याला ती कामगारच वाटली. उजव्या हाताची तीन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत.

आता चौकशी बसली आहे. टोपी कोणी काढली, एवढंच साहेब विचारतात. माझं नाव आलं तर नोकरी गेलीच समज. उकडत होतं म्हणून मीच काढली असं सांग, म्हणून भिंगरीला समजावलंय. शिकाऊ पोरीला कोण काय करणार? तिनं मान डोलावली. तूही सांभाळून घे.

चुकलंमाकलं पोटात घालावं.

तुझा,
धाकटा

५ जून

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहिले नाहीत, ते विसरून नव्हे.

भिंगरी घरी आल्यापासून एकटीएकटी असते. डाव्या हातानं जेवताना सांडतं, म्हणून आमच्याबरोबर पानावर बसत नाही. माझं पत्र मिळूनही तू टोपी दिली नाहीस. लोक हसतील याची तुला भीती वाटली, तिच्या हाताची नाही. याचा मला भयंकर राग आला आहे.

काल ती पेन्सिल घेऊन बसली. वाटलं, पोरगी उभारी धरतेय. जवळ जाऊन पाहिलं, तर डाव्या हातानं पानभर एकच ओळ गिरवली होती, 'टोपी मीच काढली.' साहेबांना लिहून द्यायचंय, मामानं सांगितलंय, म्हणाली.

मी पेन्सिल काढून घेतली. खरं काय ते साहेबांना मीच लिहिलंय. त्यांचं आणि तुझं, दोन्ही पाकिटं एकदमच पेटीत टाकते आहे.

लोभ असावा, असं लिहायला गेले, पण लिहवेना.

भिंगरीची आई