काचेच्या गोळ्यातली हवा

६ जानेवारी

नातीची विद्यापीठातील प्रयोगशाळा आज पाहिली. पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे झाडे लावणे, अशी माझी समजूत होती. तेथे पोलादी नळकांड्यांत हवा कोंडून ठेवली आहे — दूरच्या डोंगरावरची, भर समुद्रावरची, नातीच्या जन्माआधीची सुद्धा. हवेलाही वय असते! नकळत चपला दाराशी काढल्या. "आबा, घाला त्या, फरशी गार आहे," नात म्हणाली.

७ जानेवारी

नातीचा प्रबंध अडला आहे. माझ्या तरुणपणीची हवा कोणी साठवलेली नाही. ती न मिळाल्यास एक प्रकरण गाळावे लागेल.

"तेव्हा तुम्ही मोठी माणसं करत काय होतात?"

"काच फुंकत होतो," असे मी उत्तर दिले. देताना नजर फडताळाकडे गेली.

कारखान्यात आम्ही मासेमारीची जाळी तरंगावीत म्हणून त्यांना बांधावयाचे पोकळ काचगोळे करीत असू. फडताळातील गोळा पत्नीने फुंकलेला आहे. लग्नानंतर एकदा ही माझी भट्टी पाहण्यास आली. मी नळी पुढे केली. "माझ्याच्यानं गोळा नाही, भोपळा होईल," म्हणाली, आणि फुंकली. वितळत्या काचेचा ठिपका देऊन मी गोळ्याचे तोंड बंद केले.

नातीच्या जन्मापूर्वीच ही गेली. "आजी कशी होती?" असे नात विचारते. मला धड सांगता येत नाही.

९ जानेवारी

गोळा उचलतो. पुसतो. परत ठेवतो.

१० जानेवारी

नातीस न विचारता गोळा तिच्या मार्गदर्शक बाईंकडे नेला. "फोडा," म्हणालो. बाईंनी तो उजेडाकडे धरला.

"आजोबा, हा तोंडानं फुंकलेला ना?"

"अर्थात. आमच्याकडे यंत्राचे काम नव्हते."

"मग यात त्या वेळची हवा नाही हो. श्वास आहे कुणाचा तरी. आम्हाला नाही चालणार."

सारा जन्म काच फुंकण्यात गेला आणि एवढे सुचू नये! कान तापले, पण ताठ बसून राहिलो. नात धावत आली. "आबा, हा द्यायला निघालात? डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हणाली, आणि डोळे पुसू लागली. प्रकरण गाळणार आहे. गळू दे, म्हणते.

११ जानेवारी

काल परतताना नातीने सांगितले ते लिहून ठेवतो. मोकळा सुटलेला श्वास हळूहळू सबंध पृथ्वीभर मिसळतो. मग कोठेही, कोणीही श्वास घेतला, की त्याचे काही कण आत येतातच.

"कोणाच्याही?"

"कोणाच्याही, आबा. किती वेळा विचाराल?"

म्हणजे हिने हयातभर सोडलेले श्वास मी अजून घेत आहे. आज दिवसभर श्वास जपून घेतला. फक्त हा एकच तेवढा अडकून पडला आहे — मी अडकवलेला.

१५ जानेवारी

हवेचे नमुने घेण्यासाठी नातीची दूरच्या बेटावर नेमणूक झाली. दोन वर्षे. "जाऊ ना?" असे विचारते. "विचारतेस काय, बॅग भर," म्हणालो.

१९ जानेवारी

नात बेटावर जाण्यास निघाली. गच्चीवर जाऊन गोळा फोडला. आजी-नातीची भेट राहिली होती.